भिकाऱ्यांची रात्र

मराठी पांढरपेशा घरात मुलाला जे पहिले काही धडे दिले जातात, त्यांत ‘कुणाकडे काही मागू नये’ हा धडा फार वरच्या क्रमांकाचा असतो. अक्षरओळख होण्यापूर्वीच तो पढविला जातो. पाहुण्याने खाऊचा पुडा पुढे केला, तरी मूल आधी त्या पुड्याकडे पाहत नाही. आईच्या डोळ्यांकडे पाहते. तेथून परवाना मिळाला तरी ‘नको’ असे निदान एकदा म्हटल्यावाचून ते हात पुढे करीत नाही. मीही याच शिस्तीत वाढलो. असे असूनही माझ्या आयुष्यातील दहा वर्षे दर ऑक्टोबराच्या अखेरीस मी माझ्या दोन्ही मुलांच्या हाती झोळ्या देऊन त्यांना उजळ माथ्याने दारोदार मागावयास नेत होतो. आणि त्या संध्याकाळींची आठवण मला त्यांच्या वाढदिवसांहून आणि बक्षीससमारंभांहूनही अधिक प्रिय आहे.

२००३ पासून २०१३ पर्यंत आमचे बिऱ्हाड अमेरिकेतील आयोवा राज्याच्या राजधानीत, डी मॉइन या गावी होते. मी तेथील एका महाविद्यालयात शिकवीत असे. गाव दोन लाख वस्तीचे. परंतु मोटारीने अर्धा तास कोणत्याही दिशेने जावे, तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मक्याची शेते क्षितिजाला भिडलेली दिसत. त्या गावाचा एक रिवाज असा होता, की तो ऐकून शेजारच्या राज्यातील माणसेही हसत असत. साऱ्या अमेरिकेत हॅलोवीनची फेरी ३१ ऑक्टोबरला निघते. आमच्या गावात मात्र ती आदल्या दिवशी, ३० तारखेस, सायंकाळी सहा ते आठ या वेळात निघे, आणि तिला ‘बेगर्स नाइट’, म्हणजे भिकाऱ्यांची रात्र, असे रोखठोक नाव होते. दुसरा विशेष याहून मोठा. इतरत्र मुले दार ठोठावून ‘ट्रिक ऑर ट्रीट’ असा पुकारा करतात, म्हणजे ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’ अशी गोड धमकी देतात, आणि खाऊ घेऊन चालती होतात. डी मॉइनमध्ये एवढ्यावर भागत नसे. तेथे मुलाने दारात उभे राहून एखादे कोडे घालावे किंवा विनोद सांगावा, घरधन्याने तो ऐकून घ्यावा, हसावे, आणि मगच खाऊ द्यावा, असा दंडक होता.

या सणाची कुळकथा थोडक्यात सांगतो. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस. संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या ती हॅलोवीन. मध्ययुगात इंग्लंडातील गोरगरीब या सुमारास घरोघर जात, घरची मंडळी त्यांना लहानशा गोड वड्या देत, आणि त्यांच्या मोबदल्यात ते त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. दिवंगतांच्या नावाने जिवंतांना खाऊ घालावे, ही कल्पना सर्वपित्री अमावास्येला पान वाढणाऱ्या माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधील निर्वासितांनी हा सण अमेरिकेत नेला. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा लावीत. नव्या देशात त्यांना भोपळा सापडला, आणि सलगमाचे नशीब तेथेच संपले. पुढे या रात्री उनाड पोरांचे उपद्व्याप इतके वाढले, की कुंपणाची फाटके पळविणे आणि खिडक्यांना साबण फासणे हा तिचा मुख्य कार्यक्रम होऊन बसला. १९२० नंतरच्या दोन दशकांत लोकांनी त्यावर शहाणा तोडगा काढला: पोरांना दटावण्यापेक्षा खाऊ देऊन त्यांच्याशी तह करावा. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर नियंत्रण आले तेव्हा हा तह काही काळ खिळखिळा झाला. १९४७ साली ते नियंत्रण उठल्यावर पुन्हा दृढ झाला. डी मॉइनमधील वेगळी रात्र आणि तिचा वेगळा नियम ही १९३८ च्या सुमारासची योजना. खाऊ मिळेल, पण तो मुलाने काहीतरी करून दाखवून मिळवावा, एवढेच तिचे सूत्र होते. हे सूत्र ज्या कुणाला सुचले, त्याला माणसाच्या मनाची चांगली पारख असली पाहिजे, असे मला पुढे पटले. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

सोंगांची तयारी आमच्या घरी सप्टेंबरातच सुरू होई. बाजारात तयार पोशाख मिळत. पण आमच्या घरातील सौंदर्यशास्त्र काटकसरीच्या पायावर उभे असल्याने सर्व काही पुठ्ठा, डिंक आणि आईच्या जुन्या ओढण्या यांतून निर्माण होत असे. धाकट्याने एका वर्षी अंतराळवीर होण्याचे ठरविले. तीन आठवडे खपून आम्ही खोकी जोडली, त्यांना चंदेरी कागद लावला, पाठीवर दोन रिकाम्या बाटल्यांचे प्राणवायूचे नळकांडे बसविले. तीस तारखेला सायंकाळी पाहतो, तो पारा पाणी गोठण्याच्या बेतात! तेथील आयांचा अशा वेळी एकच हुकूम सुटतो: ‘वरून कोट घाल.’ त्या संध्याकाळी आमच्या रस्त्यावर पऱ्या, चेटकिणी, सांगाडे आणि अंतराळवीर असे सर्व भेद मिटून केवळ कोटच कोट हिंडत होते. वेदान्त्याला समाधान वाटावे असा तो देखावा होता. धाकट्याच्या डोळ्यांत मात्र पाणी होते. मग प्रत्येक दारापाशी गेल्यावर त्याने क्षणभर कोट उघडून दाखवावा आणि लगेच मिटावा, असा तह ठरला.

थोरली एका वर्षी झाशीची राणी झाली. नऊवारी, फेटा, लाकडी तलवार, पाठीशी बांधलेली बाहुली. पहिल्या तीन घरांनी तिला समुद्रावरील चाचा ठरविले. चौथ्या घरापासून तिने कोडे घालण्याचा बेत सोडला आणि त्याऐवजी १८५७ सालापासून प्रारंभ करून राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र सांगावयास घेतले. थंडीत कुडकुडत मी पायवाटेवर उभा. आणि दारात हाती चॉकलेटची परडी घेतलेली एक वृद्ध बाई दत्तकाच्या नामंजुरीची हकिकत कान देऊन ऐकत होती. त्या बाईने मध्येच खाऊ देऊन तिची बोळवण केली असती, तरी कोणी तिला नावे ठेवली नसती. तिने तसे केले नाही. राणीचा घोडा किल्ल्याबाहेर पडेपर्यंत ती दार धरून उभी राहिली, आणि शेवटी तिने राणीला दोन मुठी चॉकलेट दिले.

दिवाळी आणि ही रात्र बहुधा मागेपुढे येत. २००५ साली तर लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरलाच होते. त्यामुळे ओसरीच्या एका खांबाशी दात विचकणारा भोपळा आणि दुसऱ्या खांबाला आकाशकंदील, अशी आमच्या घराची शोभा असे. आमचा आकाशकंदील हे भुताटकीचेच काहीतरी पौर्वात्य साधन असावे, अशी गल्लीतील मुलांची समजूत होती; ती आम्ही फारशी दुरुस्त केली नाही. दिव्याचा संकेत मात्र सर्वांना समान होता. ज्या घराचा ओसरीवरील दिवा लागलेला, तेथे जावे. ज्याचा विझलेला, तेथे जाऊ नये. त्या घरात कुणी आजारी असेल, कुणाला एकान्त हवा असेल. मुले काही न विचारता पुढे जात. ज्या रात्रीचे नाव भिकाऱ्यांचे, त्या रात्री एवढा शिष्टाचार पाळला जावा, याची मला दर वर्षी नव्याने मौज वाटे.

२००७ सालच्या शरदात माझी आई आमच्याकडे राहावयास आली. तीस तारखेला दुपारी झोळ्या, मुखवटे आणि धावपळ पाहून तिने चौकशी केली. मी हौसेने सर्व समजावून सांगितले. नाव मात्र मी जपून सांगितले नव्हते. ते धाकट्याने भाषांतरासह सांगून टाकले. आईचा चेहरा उतरला.

“अरे, आपली मुले दारोदार मागणार?”

“आई, तो खेळ आहे. सगळ्यांचीच मुले जातात.”

ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने मला जे सांगितले, ते मी पूर्वी अर्धवट ऐकले होते. त्या दिवशी ते पुरते ऐकले. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, १९२० नंतरच्या दशकात कोकणातून पुण्यास शिकावयास आले. हाती पैसा नव्हता, पुण्यात नातलग नव्हते. आठवड्यातील काही दिवस निरनिराळ्या घरी वार लागलेले असत. उरलेल्या दिवशी माधुकरी मागून ते जेवत. पुढे ते हायस्कुलात शिक्षक झाले, त्यांनी घर बांधले, मुलींना शिकविले. पण दारावर कुणी आले की ते स्वतः उठून जात, ते काम दुसऱ्यावर सोपवीत नसत.

“अण्णा म्हणायचे,” आई सांगू लागली, “अन्न सगळ्याच घरी मिळायचे. पण कोणत्या घरची बाई वाढताना माझ्या तोंडाकडे बघायची आणि कोणत्या घरची नुसती झोळीकडे बघायची, ते मला आजही सांगता येईल. आणि तू याला खेळ म्हणतोस.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. माधुकरी ही आपल्याकडे पुष्कळ चरित्रांतून अभिमानाने लिहिली जाते. मुंजीत बटूला भिक्षावळ मागावयास लावून तिचा संस्कारही केला जातो. परंतु संस्कारातील पहिली भिक्षा आई घालते, आणि ती लाडूची असते. खऱ्या माधुकरीत दाराआड आई नसते. आईच्या मनाला लागले होते ते एवढेच.

तथापि मुले जावयाची ती गेली, आणि मी त्यांच्यामागून गेलो. पत्नी त्या सायंकाळी कामावर होती. त्यामुळे घरी येणाऱ्या मुलांना खाऊ देण्याचे काम आईकडे आले. तिची पहिली तक्रार अशी, की आदल्या दिवशी तिने केलेले बेसनाचे लाडू द्यावयाचे सोडून हे कागदात गुंडाळलेले कारखान्यातील चॉकलेट का द्यावे? मी सांगितले, की घरचे केलेले कुणी दिले तर मुलांचे आईबाप ते फेकून देतात. कुणी त्यात काही घातले असेल, अशी त्यांना भीती वाटते. “घरचे टाकतात आणि कारखान्यातले खातात!” एवढेच ती म्हणाली, पण त्या वाक्यात एका संस्कृतीने दुसरीवर लिहिलेले सबंध परीक्षण सामावले होते.

ही भीती मात्र केवळ परदेशी विक्षिप्तपणा म्हणून सोडून देण्यासारखी नाही. १९८२ साली शिकागोत औषधाच्या कुप्यांत कुणीतरी विष मिसळून सात माणसे मारली. त्या शरदापासून अमेरिकन आईबाप मुलांच्या झोळ्या दिव्याखाली धरून तपासू लागले. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या बातम्या धुंडाळून पाहिल्या. परक्या माणसाने दारावर आलेल्या मुलाला विषारी खाऊ देऊन ठार केले, असे सिद्ध झालेले एकही उदाहरण त्याला आढळले नाही. १९७४ साली टेक्ससमध्ये एक मुलगा या रात्री खरोखर विषाने मेला. परंतु ते विष त्याला कुणा अनोळखी घरधन्याने नव्हे, विम्याच्या पैशांसाठी जन्मदात्या बापाने दिले होते. ही हकिकत वाचल्यापासून मीही झोळ्या तपाशीत असे. पण शेजाऱ्यांच्या भीतीने नव्हे, तर त्यातील शेंगदाण्याच्या लगद्याचे चॉकलेट मला आवडते म्हणून. बापाच्या या करवसुलीला मुलांचा विरोध होता आणि ती दर वर्षी बिनदिक्कत चाले.

त्या संध्याकाळी आम्ही परतलो, तो आई ओसरीवर शाल गुंडाळून खुर्ची टाकून बसली होती. दारात बसल्या बसल्या खाऊ देणे तिला पटले नव्हते. समोर एक सात-आठ वर्षांचा सांगाडा उभा होता, आणि तो तिला विचारीत होता, की सांगाडा नाचाला का गेला नाही? उत्तर त्यानेच दिले: बरोबर न्यावयास त्याच्यापाशी ‘बॉडी’ नव्हती. इंग्रजीतील तो श्लेष आईला कळणे शक्य नव्हते. परंतु ती त्या पोराच्या तोंडाकडे एकाग्रतेने पाहत होती, आणि तो हसताच तीही मनापासून हसली. मग तिने त्याला दोन चॉकलेटे दिली. एक देऊ नये, असा तिचा नियम होता.

मुले गेल्यावर ती मला म्हणाली, “यांना काहीतरी सांगायला लावतात, हे बरे करतात. सांगायचे म्हटले की ऐकणाऱ्याला तोंडाकडे बघावेच लागते.”

मघाशी मी मनाच्या पारखीबद्दल लिहिले, ते आईच्या या वाक्यावरून. मागण्यातील कमीपणा हात पसरण्यात नसतो. ज्याच्यापुढे हात पसरला, त्याने आपल्याकडे पाहिले नाही, यात तो असतो. मागणाराही काही घेऊन आला, आणि देणाऱ्याला ते घेण्यासाठी क्षणभर थांबावे लागले, की भीक संपते आणि भेट सुरू होते. मध्ययुगातील त्या गोरगरिबांनी प्रार्थना आणली होती. आमचा वासुदेव पहाटे गाणे घेऊन येतो. डी मॉइनची मुले कोडे आणीत. ऐपतीप्रमाणे प्रत्येकाचे नाणे निराळे, व्यवहार एकच.

दुसऱ्या वर्षी आई पुन्हा आली. ऑक्टोबरातील दुपारी तिने नातवंडांना आपल्या कोड्यांचा सगळा साठा दिला. थोरलीने त्यातले एक निवडून स्वतःच इंग्रजीत उतरविले. लांब दाढीमिशांच्या ज्या पाटलाला आपण रामराम करतो, ते आपणा सर्वांच्या बालपणीचे कोडे. इंग्रजीत त्याचे रूप असे झाले, की गावाचा एक मुखिया आहे, त्याची दाढी आणि मिशी कमरेपर्यंत लोंबते, लोक त्याला वाकून नमस्कार करतात आणि मग भाजून खातात, तो कोण? हे कोडे आठ-दहा घरी फसले. कुणी नाताळबाबा म्हणाले, कुणी बोकड म्हणाले. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक निवृत्त शेतकरी राहत असे. आयुष्यभर मका पिकवून म्हातारपणी तो गावात राहावयास आला होता. थोरलीचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच तो म्हणाला, “कॉर्न!” आणि मग त्याने विचारले, “हे कोडे कुणाचे?” ती म्हणाली, “माझ्या आजीचे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हातारा आमच्या दारात उभा. हाती लाल, जांभळ्या आणि पिवळ्या दाण्यांच्या कणसांची जुडी होती. शरद ऋतूत तेथील लोक ही रंगीत कणसे दाराला टांगतात, आणि त्यांना म्हणतात ‘इंडियन कॉर्न’! हे इंडियन म्हणजे तेथील मूळचे रहिवासी, आम्ही नव्हे. पण आई काही कोलंबसाच्या चुकीची चर्चा करीत बसली नाही. तिने जुडी दोन्ही हातांनी घेतली, कणसांच्या दाढ्या कुरवाळल्या, आणि ती दाराच्या तोरणाशेजारी बांधून टाकली. त्या दोघांत एकही शब्द समान नव्हता. तरी एकाच पिकाला दाढी दिसते, हे दोघांनाही ठाऊक होते, आणि तेवढे पुरले. लाडू मात्र त्याने तेथेच उभ्या उभ्या खाल्ले. तपासून पाहिले नाहीत.

मुले लहान होती तेव्हा मी त्यांच्याबरोबर पायरीपर्यंत जात असे. मग फाटकाशी थांबू लागलो. पुढे रस्त्यावरच थांबलो. नंतर रस्त्याच्या पलीकडे. दर वर्षी काही पावले मागे सरकावयाचे, आणि हाती विजेरी तेवढी ठेवावयाची. एका वर्षी थोरलीने सौम्यपणे सुचविले, की यंदा मी आलो नाही तरी चालेल. मी घरी राहिलो आणि ओसरीवर दुसऱ्यांच्या मुलांचे विनोद ऐकले. बाप होण्याची कला म्हणजे मुलाच्या आणि आपल्यामधले अंतर वेळच्या वेळी वाढवीत जाण्याची कला, असे मी एरवी कुठल्या तरी पुस्तकात वाचून विसरलो असतो. त्या रस्त्यावर ते मी पावलांनी मोजून शिकलो. मुलांना यातील काय आठवते, असे अलीकडे मी फोनवर थोरलीला विचारले. मला वाटले, ती राणीची तलवार म्हणेल. ती म्हणाली, “बाबा, दारात विनोद सांगताना मागे तुझ्या टॉर्चचा गोल दिसायचा. तो हलला नाही की मला कळायचे, तू ऐकतोयस.”

आम्ही पुण्यास परतलो त्याला आता बरीच वर्षे झाली. आई गेली. पुण्यातील गृहसंकुलांतही हल्ली ३१ ऑक्टोबरला मुखवटे घालून मुले जिने चढू लागली आहेत. हे उसने खूळ आहे, आपल्याकडे दसऱ्याचे सोने आणि संक्रांतीचा तिळगूळ असताना याची गरज काय, असे माझे समवयस्क मित्र म्हणतात. त्यांच्याशी मी वाद घालीत नाही. सोने आणि तिळगूळ घेऊन येणाऱ्या मुलांची मी त्यांच्याइतकीच वाट पाहतो. मात्र ३१ तारखेला घंटा वाजली की मी उठून दारात जातो, परडी पाठीमागे धरतो, आणि समोरच्या लहानशा चेटकिणीला सांगतो, “आधी एक कोडे घाल बघू.” ती गोंधळते, मैत्रिणीकडे पाहते, मुखवटा कपाळावर सरकवते, आणि विचार करू लागते. मला घाई नसते. डब्यात लाडू असतात. आणि दोनच द्यावयाचे, हे ठरलेले आहे.